बोअरच्या जड पाण्यावर ॲक्वापोनिक्स: निफाडच्या मळ्यातल्या नोंदी

निफाड तालुक्यात द्राक्षाचा मळा आहे. घराला लागून, पूर्वी डॉगरिजची (द्राक्षाचं कलम ज्यावर बांधतात त्या खुंटाची) रोपं ठेवायचो ती २० बाय २५ फुटांची जागा रिकामी होती. तिथे घरापुरती भाजी आणि थोडे मासे, एकाच पाण्यावर, असं ठरलं. यालाच ॲक्वापोनिक्स म्हणतात. मासे घाण करतात, खडीतले जिवाणू त्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट (तेही विषारीच) आणि मग नायट्रेट करतात, भाजी ते घेते आणि पाणी टाकीत परत येतं. एवढं सगळ्यांना माहीत असतं. आपलं बोअरचं पाणी, आपली थंडी आणि आपली वीज यांच्याशी जमवताना काय काय होतं, ते मला कुठे मराठीत सापडलं नाही, म्हणून या नोंदी.

१ सप्टेंबर २०२४

सगळ्यात आधी पाणी तपासून घेतलं. बोअर: पीएच ८.२, टीडीएस (विरघळलेले क्षार) ८४०, क्षारता (पीएच खाली येऊ न देणारं बायकार्बोनेट) ३५० पीपीएम, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम. द्राक्षाला डॉगरिजचा खुंट आपण असल्याच पाण्यामुळे लावतो, त्यामुळे आकड्यांचं नवल वाटलं नाही. दुसरा पर्याय ग्रामपंचायतीचा नळ. त्यात टीसीएल पावडर असते, आणि क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारतं. तिसरा पावसाचा. घराचा पत्रा साधारण ५५ चौरस मीटर आहे, म्हणजे १० मिलिमीटर पाऊस पडला तर पाचशे लिटरच्या आसपास पाणी हाती लागतं. पन्हळीखाली दोन हजार लिटरची काळी टाकी बसवली. पहिला पाऊस वाहू द्यायचा, पत्रा धुऊन निघाला की मग पाइप टाकीत सोडायचा.

माशांचाही निर्णय आजच झाला. तिलापियाला सरकारी परवानगी लागते आणि थंडी सोसत नाही. पंगसही थंडीत माना टाकतो. थाई मागूरवर बंदी आहे, कुणी बीज देऊ केलं तरी घेऊ नका. रोहू आणि कटल्याला मोकळं पाणी हवं, लहान टाकीत ते वाढत नाहीत. निफाडची थंडी काढील असा मासा सायप्रिनसच, म्हणजे कॉमन कार्प.

८ सप्टेंबर

सांगाडा जुन्या बागेच्या पाइपांचा. वर २०० मायक्रॉनची पॉलीफिल्म, तिच्याखाली ओढता येईल असं ५० टक्के शेडनेट, बाजूंना ४० मेशची जाळी आणि तिच्यावर गुंडाळता येणारे पडदे.

मांडणी अशी: दोन मीटर व्यासाची ताडपत्रीची गोल टाकी, मीटरभर पाणी, म्हणजे ३,१०० लिटर. तिथून पाणी आपसूक उताराने खडीच्या तीन बेडमध्ये. बेड प्रत्येकी २.४ बाय १.२ मीटर, खडीची खोली ३० सेंटिमीटर. बेडमधून पाणी जमिनीत पुरलेल्या हौदात आणि हौदातून पंपाने परत टाकीत. पंप एकच ठेवला. दोन पंप लावले तर एक बंद पडताच दुसरा टाकी रिकामी करतो.

२२ सप्टेंबर

वीस एमएम खडी आली, तिन्ही बेडना मिळून एक ब्रासला थोडी कमी. आपला काळा दगड बहुतेक निर्धोक असतो, पण नाशिकच्या खाणींत दगडाच्या पोकळ्यांतून पांढरे खडे निघतात. त्यातले काही झिओलाइट असतात, ते चालतात. काही कॅल्साइट असतात, म्हणजे चुनाच, आणि ते पीएच खाली येऊच देत नाहीत. संडास साफ करायच्या ॲसिडचे दोन थेंब टाकून पाहिले. फेस आला ते खडे वेचून काढले. हे काम घरच्या नानांनी आणि धाकटीने केलं, दोन दिवस लागले. खडी पाच-सहा वेळा धुवावी लागते, कच जाईपर्यंत. ती राहिली तर बेडच्या तळाशी चिखल बसतो.

बेड जुन्या वाय अँगलच्या (द्राक्षवेलींच्या आधाराच्या लोखंडी अँगलच्या) स्टँडवर ठेवले होते. पहिला बेड खडीने भरला, पाणी सोडलं आणि अँगल मधोमध वाकला. हिशोब बघा: पाऊण घनमीटरच्या पुढे खडी, वजन तेराशे किलो, वर अडीच-तीनशे लिटर पाणी. एक बेड दीड टनाच्या पुढे जातो. खडी परत उपसली, सिमेंट ब्लॉकचे खांब दीड-दीड फुटावर उभे केले, त्यावर शहाबादी फरशी. ब्लॉक आणि फरशीला ५,४०० रुपये आणि आठवडा गेला. बेडच्या आत ५०० मायक्रॉनचा शेततळ्याचा प्लास्टिक कागद, शेजारच्या शेततळ्यातून उरलेला.

२९ सप्टेंबर

पाणी भरलं: अर्धं पावसाचं, अर्धं बोअरचं. हौदासाठी चार फुटी सिमेंटच्या तीन रिंगा एकावर एक बसवल्या होत्या. पाणी फिरायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी पीएच ८.६. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत होता. हौद रिकामा करून आतून कागद घातला. ज्यांना रिंगा वापरायच्या आहेत त्यांनी कागद पहिल्याच दिवशी घालावा.

आतापर्यंतचा खर्च: फिल्म आणि जाळ्या १४,२००, टाकी ८,५००, खडी वाहतुकीसह ४,५००, ब्लॉक आणि फरशी ५,४००, रिंगा ३,०००, पाइप आणि फिटिंग ६,३००, पाण्याचा आणि हवेचा पंप ५,९००, तपासणीचं किट ३,२००. एकूण ५१,०००. मजुरी घरचीच. किट महाग वाटतं, पण त्याशिवाय हे काम करूच नका. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

६ ऑक्टोबर

मासे आणण्याआधी जिवाणू तयार करायचे. काही जण थेट मासे सोडतात आणि निम्मे मरतात. ते मला करायचं नव्हतं. खताच्या दुकानातलं अमोनियम सल्फेट ४० ग्रॅम विरघळवून टाकलं. साधारण चार हजार लिटर पाण्याला त्याने अमोनिया २ पीपीएम होतो. विरजण म्हणून ओळखीच्यांच्या जुन्या शेततळ्यातली, पाणी पडतं त्या जागची शेवाळलेली खडी पोतंभर आणून बेडमध्ये मिसळली.

१९ ऑक्टोबर

अमोनिया उतरला, नायट्राइट चढला. किटचा रंग गडद जांभळा, म्हणजे मोजपट्टीच्या बाहेर. हा टप्पा लांबतो. या दिवसांत काहीही करायचं नाही, फक्त पंप चालू ठेवायचा आणि अमोनिया शून्यावर आला की थोडं अमोनियम सल्फेट परत टाकायचं. परतीचा पाऊस जोरात आहे. मळ्यात डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीने फवारणी चालू, इथे मात्र पावसाची टाकी पुन्हा भरून घेतली.

१० नोव्हेंबर

संध्याकाळी टाकलेला २ पीपीएम अमोनिया सकाळी शून्य, नायट्राइटही शून्य, नायट्रेट ४०. आता मासे.

मत्स्यबीज केंद्रातून सायप्रिनसची १०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणली, १५ ग्रॅमच्या आसपास. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग थोडं थोडं आपलं पाणी पिशवीत घालत गेलो. तापमान जुळलं म्हणून लगेच सोडू नये, पीएचचा फरकही माशाला सोसावा लागतो. सोडण्याआधी खडे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले. पहिल्या पंधरवड्यात सात दगावले, दोन उड्या मारून बाहेर पडले. त्यानंतर टाकीवर जाळी बांधली. तिने खंड्याचाही बंदोबस्त झाला.

आमच्या आजेसासूबाई माळकरी. टाकी उभी राहत होती तोवर काही बोलल्या नाहीत. मासे आल्यावर म्हणाल्या, "पोरी, पाळायचे तर पाळ. पण मासा या दारात कापायचा नाही." मी म्हटलं, "नाही कापणार, आजी. जिवंतच देऊ." घरात हे आधी बोलून घेणं पाइप जोडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. विक्रीची पद्धत त्या दिवशी ठरून गेली.

२४ नोव्हेंबर

लावलेली भाजी: पालक, शेपू, कोथिंबीर, चाकवत, पुदिना, मिरची, चार टोमॅटो आणि कोपऱ्यात अळू. अळू आणि पुदिना जोरात. टोमॅटो आणि मिरचीची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या. द्राक्षवाल्याला हे सांगायला नको, लोह कमी पडतंय.

पीएच ८.१. लिंबाचा रस आणि व्हिनेगर टाकून पीएच संध्याकाळी ७.५ झाला, दुसऱ्या दिवशी परत ८. पाण्यात बायकार्बोनेट भरलेलं असताना थोड्या आंबटाने काही होत नाही. मग ठिबक धुवायचं फॉस्फरिक ॲसिड वेगळ्या ड्रममध्ये वापरून पाहिलं. ३५० क्षारतेचं २०० लिटर पाणी खाली आणायला ऐंशी मिलिलिटरच्या आसपास लागलं. ड्रमच्या तळाशी पांढरा गाळ बसला. तो कॅल्शियम फॉस्फेटचा. इतकं फॉस्फरस पाण्यात गेलं तर असलेलं लोहसुद्धा अडकतं. ते पाणी केळीला ओतलं आणि ॲसिडचा नाद सोडला.

लोहासाठी दुकानात जे पहिल्यांदा हातात देतात ते ईडीटीए (लोह पाण्यात विरघळलेलं धरून ठेवणारं चिलेट), १२ टक्क्यांचं. ते साडेसहाच्या वरच्या पीएचला टिकत नाही. पंधरा दिवस वाट पाहून फरक शून्य. मग ईडीडीएचए हे दुसरं चिलेट आणलं, ६ टक्क्यांचं. ते ९ पीएचपर्यंत टिकतं. १३० ग्रॅम म्हणजे आपल्या पाण्यात २ पीपीएम लोह. पाणी चहासारखं लाल झालं, मासे काही दिवस दिसेनात, पण त्यांना त्रास नाही. दहा दिवसांत नवी पानं हिरवी आली. हे ईडीटीएपेक्षा महाग आहे, तरी जड पाण्याला हेच घ्या.

१६ डिसेंबर

थंडी. पहाटे शेडबाहेर ७ अंश, टाकीत १३. शिवारात जिकडे तिकडे द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर. मासे तळाशी बसून आहेत, खाद्याकडे बघत नाहीत. आम्ही सवयीने सकाळी आठला खाद्य टाकत राहिलो, ते तसंच कुजलं. थंड पाण्यात जिवाणूही मंदावलेले असतात. नायट्राइट १ पीपीएम झाला आणि मासे पृष्ठभागाशी धापा टाकू लागले. चार किलो खडे मीठ टाकलं, म्हणजे लिटरला एक ग्रॅम. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही. मीठ पाण्यात राहून जातं, त्यामुळे हा उपाय वर्षातून एखाद्या वेळी करण्याचा. खाद्य पूर्ण बंद ठेवलं. नायट्राइट उतरायला आठवडा गेला. एकही मासा गेला नाही.

त्यानंतरची पद्धत: पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर खाद्य नाही. बाकी दिवशी दुपारी एकदाच, आणि पंधरा मिनिटांत संपेल तेवढंच. सूर्य मावळायच्या आत पडदे खाली. टाकीवर थर्माकोलचे पत्रे.

सगळ्यात जास्त उपयोग बोअरचा झाला. जमिनीतलं पाणी थंडीतही २४-२५ अंश असतं. उडून गेलेल्या पाण्याची रोजची भर दुपारी घालायचो, ती आता पहाटे घालतो. बोअरच्या ताज्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून छिद्रं पाडलेल्या पाइपातून उंचावरून सोडायचं.

१३ जानेवारी २०२५

भोगी. चाकवत, पालक, मिरची आणि कोथिंबीर शेडमधली. वांगी, गाजर आणि हरभरा बाहेरचा. आजींनी पान वाढून घेतलं. "भाजी कशावर वाढली ते मला ठाऊक आहे," म्हणाल्या, "शेतात तरी काय असतं, सगळ्यांचं सगळ्यांना लागतं." मला त्यांचं हे म्हणणं फार महत्त्वाचं वाटतं. त्यांचा होकार नसता तर मी शेड पुढे चालवली नसती.

९ फेब्रुवारी

मिरचीवर मावा. इथे काहीच फवारता येत नाही. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशाला अगदी नखभर प्रमाणातही मारतात. साबणाचं पाणीसुद्धा माशाच्या कल्ल्यांना बाधतं, आणि निंबोळी अर्क खडीतून टाकीतच जातो. पिवळे चिकट सापळे लावले, शेंडे पाण्याच्या धारेने धुतले. मग भाऊजींनी लसूणघासातून लेडीबर्डचे भुंगेरे डबाभर गोळा करून आणले. घासात ते नेहमी असतात. जाळीबंद शेडमध्ये ते टिकले आणि पंधरा दिवसांत मावा आटोक्यात आला.

मळ्यात फवारणीचा ब्लोअर फिरतो त्या दिवशी वाऱ्याकडचा पडदा खाली असतो. फवारणीच्या कपड्यांत आत यायचं नाही. शेडच्या बादल्या निळ्या आहेत, त्या शेडबाहेर नेत नाही आणि बाहेरची बादली आत आणत नाही. मोरचुदाचं पाणी बादलीच्या कडेला राहिलं तरी मासे मारायला पुरतं. जड पाण्यात तांब्याचा विखार जरा कमी असतो, पावसाच्या पाण्यात तो वाढतो. म्हणजे पावसाळ्यात, बोर्डोच्या (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या) दिवसांत, धोका जास्त.

१६ मार्च

आज या सगळ्यातली माझ्या मते मुख्य गोष्ट लिहिते.

पीएच ७.२. मी काहीही टाकलेलं नाही. नोव्हेंबरात ८.१ होता. झालं असं की मासे वाढले, खाद्य ५० ग्रॅमवरून २४० ग्रॅमवर गेलं. अमोनियातला एक ग्रॅम नायट्रोजन पचवताना जिवाणू सुमारे सात ग्रॅम क्षारता खातात. भाजी नायट्रेट घेताना त्यातली काही परत देते, सगळी नाही. हिवाळाभर रोजच्या भरीत निम्मं पावसाचं पाणी होतं, म्हणजे क्षारता खर्च जास्त होत होती आणि जमा कमी. १८० ची ६० वर आली आणि पीएच तिच्यामागे उतरला. टोमॅटोची पानं आता गर्द आहेत, ईडीडीएचए महिन्यातून एकदा पुरतं.

जे पाणी शत्रू समजून मी ॲसिड शोधत होते, ते फक्त जास्त झालं होतं. मासे लहान असताना जड पाणी त्रास देतं, मासे मोठे झाले की तेच पाणी लागतं. म्हणून किटबरोबर क्षारतेचं किटही घ्या आणि आठवड्याला मोजा. पीएच उशिरा बोलतो, क्षारता आधी सांगते. ६० च्या खाली आली की भरीत बोअर वाढवायचं, १५० च्या वर गेली की पाऊस वाढवायचा. पावसाची टाकी संपली आहे, आता पावसाळ्यापर्यंत फक्त बोअर.

दुसरं, एका बेडचा बेल सायफन (बेड भरला की पाणी आपोआप खाली सोडणारी नळी) अडकला. पाणी ना पूर्ण भरतं ना पूर्ण उतरतं, नळीतून नुसती बारीक धार चालू. तपासलं तर पुदिन्याच्या मुळ्या ११० एमएमच्या जाळीदार पाइपातून आत शिरलेल्या. मुळ्या कापल्या, पुदिना सायफनपासून दूर नेला. अळूचंही तेच होतं. ही दोन्ही सायफनपासून निदान दोन फुटांवर लावावीत.

२० एप्रिल

बाहेर ४० अंश, शेडमध्ये त्याहून जास्त. शेडनेट ओढलं, पडदे दिवसभर वर. टाकीचं पाणी दुपारी ३१. पालक आणि कोथिंबीर उभ्याउभ्या फुलोऱ्यावर गेली, काढून टाकली. उन्हाळ्यात चवळई, अळू, पुदिना आणि भेंडी एवढंच धरावं.

रोजची भर १८० लिटरवर गेली. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. टीडीएस १,४५०, मिरचीच्या पानांच्या कडा करपलेल्या. दर रविवारी चारशे लिटर पाणी उपसून केळी, कढीपत्ता आणि शेवग्याला देतो आणि तेवढं ताजं भरतो. केळी खूश आहेत.

१४ मे

अवकाळी चालूच आहे. काल रात्री अकराच्या सुमाराला वादळ झालं आणि गावची डीपी गेली. शेड घरच्या इन्व्हर्टरवर होती. त्याच इन्व्हर्टरवर घरातले पंखे, दिवे आणि माणसांचे फोन. पहाटे तीन-साडेतीनला बॅटरी संपली असणार. पाचला नाना उठले तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते.

नवऱ्याने आणि मी हौदातून बादल्या काढून उंचावरून टाकीत ओतायला सुरुवात केली, भाऊजींनी पावसाच्या टाकीचा नळ टाकीत सोडला. अवकाळीने ती अर्धी भरलेली होती, हे आमचं नशीब. सव्वा तास तसंच चाललं, मग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर हवेचा पंप लागला. अकरा मासे गेले, सगळे मोठे. मोठा मासाच आधी जातो.

याचं कारण साधं आहे. तीस अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावत नाही. हिवाळ्यात १५ अंशांना दहा मावतो. उन्हाळ्यात शिल्लकच कमी, आणि त्यात मासे मोठे झालेले.

बदल: शेडला स्वतंत्र १५० एएचची बॅटरी आणि थेट तिच्यावर चालणारा ३५ वॉटचा डीसी हवेचा पंप. वीज गेली की रिले तो चालू करतो. मध्ये इन्व्हर्टर नाही. एवढा पंप एकटा चालला तर बॅटरी पूर्ण दिवसभर पुरते. पाण्याचा पंप बॅटरीवर घेतला नाही, खडी ओली असते, जिवाणू काही तास थांबतात, मासा थांबत नाही. वीज गेल्यावर वाजणारी घंटा नानांच्या खोलीत. सगळं मिळून १७,५००. हे पैसे सप्टेंबरात घातले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या कुणी सुरुवात करत असेल तर खडीच्या आधी बॅटरी घ्यावी, इतकं ठामपणे सांगते.

मेलेले मासे आजींच्या नजरेआड मळ्याच्या टोकाला, चिकूखाली पुरले.

२२ जून

यंदा पाऊस मेअखेरीलाच आला. पावसाची टाकी वाहते आहे म्हणून तीन आठवडे भर फक्त पावसाच्या पाण्याची. मऊ, स्वच्छ, फुकट पाणी, कुणालाही तोच मोह होईल. खाद्य आता ४५० ग्रॅम. काल क्षारता २० च्याही खाली, पीएच ६.०, अमोनिया १ पीपीएम. क्षारता संपली की जिवाणू काम थांबवतात. मी या आठवड्यांत पीएच पाहत होते, क्षारता मोजली नव्हती. पीएच बराच काळ सातच्या जवळ होता आणि चार दिवसांत कोसळला.

इथे घाई करायची नाही. कमी पीएचला अमोनिया जवळजवळ निरुपद्रवी असतो. ७ पीएचला शंभर भागांतला एकही भाग विषारी नसतो, ८.२ ला दहावा हिस्सा विषारी होतो. म्हणजे घाबरून चुना किंवा खायचा सोडा ओतला आणि पीएच एकदम चढला, तर तोच अमोनिया मासे मारील. खाद्य थांबवलं. रोज दोनशे लिटर काढून तेवढं बोअरचं पाणी दिवसभरात हळूहळू घातलं.

२९ जून

क्षारता ७५, पीएच ६.९, अमोनिया शून्य. खाद्य अर्ध्यावर सुरू. पावसाळ्यातल्या भरीत पावसाचं आणि बोअरचं पाणी आता एकास एक, पाऊस कितीही असो.

२० जुलै

गुरुवारी आषाढ अमावास्या, मग श्रावण. श्रावणात मासा कुणी विचारत नाही, त्यामुळे विक्री याच आठवड्यात हवी. ८० मासे आहेत, सरासरी ३८० ग्रॅम. सगळे काढायचे नाहीत. मासे गेले की खाद्य गेलं, खाद्य गेलं की भाजी उपाशी राहते आणि जिवाणूही कमी होतात. मोठे ४५ निवडले.

विक्रीआधी चार दिवस ते वेगळ्या ड्रममध्ये, उपाशी, हवा लावून, रोज स्वच्छ पाण्यात. खडीच्या संचातल्या माशाला चिखलाचा वास लागतो, तो असाच जातो. हे न करता विकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. आठवडे बाजारात बसणाऱ्या भोईदादांनी दारात येऊन जिवंत नेले: १९ किलो, १८० च्या भावाने ३,४२० रुपये.

हिशोब स्पष्ट लिहिते. खाद्य आतापर्यंत ५० किलो, ६२ रुपयांनी ३,१००. वीज महिन्याला ५४ युनिट. लोह, मीठ, बियाणं, किटचे रिफिल यांचे दोनेक हजार. माशांच्या पैशात खाद्यच निघालं. आठ माणसांच्या घरात नोव्हेंबरपासून पालेभाजी विकत आणली नाही, मिरची आणि अळू शेजारी वाटलं. भांडवलाचे ६८,५०० या वेगाने लवकर सुटणार नाहीत. धंदा म्हणून कुणी याकडे बघत असेल तर इतक्या लहान संचावर बघू नये. औषध न मारलेली भाजी द्राक्षाच्या शिवारात रोज ताटात यावी, एवढ्यासाठी मी हे केलं आणि पुढेही करणार आहे.

१७ ऑगस्ट

नवी ६० बोटुकली आली. उरलेले ३५ मोठे मासे त्याच टाकीत, मध्ये जाळीचं कुंपण. सायप्रिनस दुसरे मासे खात नाही, पण खाद्यावर मोठे आधी तुटून पडतात, म्हणून लहानांना वेगळं खाऊ घालायचं. एकूण खाद्य २५० ग्रॅम. निम्मे मासे गेल्याने नायट्रेट ८० वरून ३० वर आलं, म्हणून तिसरा बेड रिकामा ठेवला. त्यात फक्त पाणी फिरतं, म्हणजे जिवाणू जगतात.

आजचे आकडे: पाणी २६ अंश, पीएच ७.१, क्षारता ९०, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, टीडीएस ७६०. उद्या बॅटरीचं पाणी बघायचं आहे आणि ऑक्टोबरच्या आत थर्माकोलचे नवे पत्रे कापायचे आहेत, जुने उंदरांनी कुरतडले.